गुडघ्याला बाशिंग

उमेदवार अत्यंत उत्साही हवा. एकट्याने काम ओढणारा हवा आणि चारचौघांत मिसळणाराही हवा. उंदरांवर शस्त्रक्रिया करता यायला हवी, जनुकांचे हिशेब संगणकावर मांडता यायला हवेत, शोधनिबंध लिहायची हातोटी हवी, शनिवार-रविवारी येण्याची तयारी हवी. मुदत दोन वर्षं. निधी मिळाला तर पुढचं पुढे बघू.

सांध्यांच्या आजारांच्या जीवशास्त्रात पोस्टडॉक पाहिजे, अशी जाहिरात ऑक्सफर्डहून येवो, शिकागोहून येवो की बंगळुरूहून, मजकूर थोड्याफार फरकाने हाच असतो. स्थळं सुचवणारेही इतक्या अटी घालत नाहीत. घातल्याच तर निदान ‘दोन वर्षांनी बघू’ असं तोंडावर तरी म्हणत नाहीत. तरीही जाहिरात आली की आमची पीएचडी झालेली पोरं गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. या एका क्षेत्रात ते बाशिंग निदान योग्य जागी बांधलं जातं, एवढंच समाधान.

पोस्टडॉक म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी. पीएचडी झाली, प्राध्यापकी मिळाली नाही, आणि मधल्या काळात प्रयोगशाळेचं गाडं जो ओढतो तो पोस्टडॉक. साहेब निधीचे अर्ज लिहितात, विद्यार्थी अजून शिकत असतात, काम हा करतो. शोधनिबंधावर याचं नाव पहिलं, कायम नोकरीच्या यादीत शेवटचं. बहुतेकदा यादीतच नसतं.

आता आजाराकडे वळू. २०२० साली जगात ऑस्टिओआर्थ्रायटिसचे, म्हणजे सांध्यांच्या झिजेचे, ५९ कोटी ५० लाख रुग्ण होते, असा जागतिक आजारभार अभ्यासाचा अंदाज आहे. २०५० पर्यंत आकडा शंभर कोटींच्या घरात जाईल म्हणतात. यात बोटांचे सांधे आले, खुबाही आला, पण पहिला मान गुडघ्याचा. धंदा म्हणून पाहिलं तर याहून खात्रीचा धंदा नाही. गिऱ्हाईक दरवर्षी वाढतंय आणि बरं होऊन निघून जात नाहीये. एवढं असून सांध्यातल्या गादीची झीज थांबवणारं एकही औषध आजवर मंजूर झालेलं नाही. आहेत त्या वेदनाशामक गोळ्या, व्यायाम, ‘वजन कमी करा’ हा सल्ला, आणि सगळं थकलं की वाट्या बदलणं. अटलबिहारी वाजपेयींनी पंतप्रधान असताना २००० साली मुंबईत ब्रीच कँडीत एक गुडघा बदलून घेतला आणि पुढच्या वर्षी दुसरा. त्यासाठी अमेरिकेहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. गुडघा हा राष्ट्रीय प्रश्न आहे याबद्दल कुठल्याच पक्षात मतभेद नाहीत. मग त्याचं उत्तर शोधायचं काम दोन वर्षांच्या करारावरच्या माणसाकडे का सोपवलंय, एवढंच आम्हाला विचारायचंय.

कारण गोम मुदतीत आहे.

हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी म्हणजे कूर्चा. तिच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. पेशी आहेत पण अगदी विरळ, प्रत्येक पेशी आपल्या खोबणीत बसलेली. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून झिरपत, तेही पाय टेकला-उचलला, दाब आला-गेला, की थोडं थोडं. दाबाखाली राहायचं, मिळेल तेवढ्यावर भागवायचं, तक्रार वर पोचवायला मज्जातंतूच नाही. प्लास्टिकच्या बशीत वाढवली की ही पेशी काही फेऱ्यांतच आपला धर्म विसरते आणि भलत्याच जातीचं कोलॅजन बनवू लागते. वर्णन ओळखीचं वाटलं तर वाचक बहुधा पोस्टडॉक असावा. कूर्चेवर पीएचडी, यकृतावर पहिला करार, मेंदूवर दुसरा.

ही गादी एकदा बिघडली की भरून येत नाही, हे विल्यम हंटर या शल्यवैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७४३ सालीच लिहून ठेवलंय. का भरून येत नाही, याचा एक भाग अलीकडे कळला, आणि तोही फार सुरस पद्धतीने. १९५०-६० च्या दशकांत महासत्तांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या, हवेत कार्बन-१४ वाढला, अन्नातून तो सगळ्यांच्या अंगात गेला आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरत गेला. त्यामुळे शरीरातला कुठला भाग कोणत्या सालच्या कार्बनचा आहे, हे मोजता येतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी वेगवेगळ्या सालांत जन्मलेल्या माणसांच्या गुडघ्यांतली कूर्चा अशी मोजली. २०१६ मध्ये त्यांनी सांगितलं की तिच्यातलं कोलॅजन वाढीच्या वयात एकदा घडतं आणि नंतर जवळपास बदलतच नाही. झिजलेल्या गुडघ्यातसुद्धा नाही. म्हणजे साठीच्या आजोबांना जिन्यावर उभं करणारं कोलॅजन त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतलं आहे. त्याआधी २००० साली नेदरलँड्समधल्या गटाने वेगळ्या मार्गाने हिशेब केला होता. त्यांच्या मते यातलं अर्धं कोलॅजन बदलायला ११७ वर्षं लागावीत.

११७ वर्षं. करार दोन वर्षांचा. एकोणसाठ पोस्टडॉक एकापाठोपाठ एक उभे केले तर एका गुडघ्याचं निम्मं काम उरकेल.

इतका धीर कोणाला? म्हणून उंदीर. दहा-बारा आठवड्यांचा तरणाबांड नर उंदीर घ्यायचा. त्याच्या गुडघ्यातल्या आतल्या बाजूच्या चकतीला जागेवर धरणारा बारीकसा अस्थिबंध कापायचा. चकती सैल होते आणि दोन-तीन महिन्यांत गादी खरवडल्यासारखी दिसू लागते. मग काप घ्यायचे, लाल-हिरवे रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली गुण द्यायचे. हे मॉडेल एका औषध कंपनीत बसवलं गेलं; घाई तिलाही होतीच. विद्यापीठांनी ते दोन्ही हातांनी उचललं, कारण तीन महिन्यांचा आजार दोन वर्षांच्या करारात आरामात मावतो. चुकलं तर पुन्हा करायलाही वेळ उरतो.

नरच का? कारण या शस्त्रक्रियेनंतर मादीला आजार बराच सौम्य होतो, हे २००७ मध्ये दिसून आलं. मग मादी घेतली की आकडे फिके येतात, आणि फिक्या आकड्यांचा शोधनिबंध कोण छापणार? आता कुठल्याही अस्थिरोग ओपीडीच्या बाकावर नजर टाका. पिशवीत जुने एक्स-रे, हातात काठी, शेजारी कंटाळलेला मुलगा: पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायका. संशोधन चाललंय पोरवयातल्या नरांवर.

म्हातारे उंदीर नसतात असं नाही. दीड-दोन वर्षं पाळले तर शस्त्रक्रिया न करताही त्यांचे गुडघे झिजतात, अगदी आपल्यासारखे. पण पिंजऱ्याचं भाडं रोजचं असतं आणि उंदीर म्हातारा होईस्तोवर पोस्टडॉकची मुदत भरते. निरोप समारंभाला उंदीर तेवढा हजर.

विज्ञानाने हा उंदीर पारखून निवडला, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. आमचं मत विचाराल तर तो मनुष्यबळ विभागाने निवडला.

हे चेष्टेवारी नेऊ नका. २००५ च्या मार्चमध्ये ‘नेचर’मध्ये एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले, एक अमेरिकेतल्या औषध कंपनीचा, एक मेलबर्नचा. ॲडॅमटीएस-५ नावाचं विकर, म्हणजे कूर्चेतला पाणी धरून ठेवणारा ॲग्रिकन हा पदार्थ कातरणारी कात्री, ज्या उंदरांत काम करत नव्हती त्यांची गादी टिकली. अख्ख्या क्षेत्राला घोडं गंगेत न्हाल्यासारखं झालं. कात्रीला बोथट करणारं औषध शोधायला माणसं लागली, पोस्टडॉकच्या जाहिराती निघाल्या, करार झाले, संपले, पुन्हा झाले. शेवटी अशी एक गोळी ९३२ रुग्णांना ५२ आठवडे दिली गेली. २०२० च्या ऑक्टोबरात निकाल आला: गोळी घेणाऱ्यांच्या आणि न घेणाऱ्यांच्या कूर्चेत फरक नाही. पंधरा वर्षं, म्हणजे साडेसात करार. उंदीर मात्र वाचले, त्यांचं अभिनंदन.

त्याच सुमाराची आणखी दोन औषधं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. स्प्रिफर्मिन नावाचं इंजेक्शन सांध्यात दिलं तर गादी खरोखर वाढते. दोन वर्षांत फरक पडला ०.०५ मिलीमीटरचा, म्हणजे मिलीमीटरच्या विसाव्या हिश्शाचा. एमआरआयला तो दिसला. गुडघ्याच्या मालकाला दिसला नाही, त्याचं दुखणं खोटं इंजेक्शन घेतलेल्यांइतकंच राहिलं. दुसरं टॅनेझुमॅब. याने वेदना खरंच कमी व्हायची. पण काही रुग्णांचे सांधे भराभर कोसळू लागले. २०२१ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीत औषधाच्या बाजूने एक मत पडलं आणि विरोधात एकोणीस. त्याच वर्षी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. एकात गादी वाढली आणि दुखणं राहिलं, दुसऱ्यात दुखणं गेलं आणि सांधाच गेला. दोन्ही एकत्र का देत नाही, असा प्रश्न आमच्या एका काकांनी विचारला. काका निवृत्त हिशेब तपासनीस आहेत. प्रश्न अगदीच टाकाऊ नाही, पण त्याला निधी मिळणार नाही.

मग २०२४ उजाडलं आणि बाहेरचाच माणूस येऊन सामना जिंकून गेला. सेमाग्लुटाइड, तेच ते मधुमेहाचं आणि वजन उतरवायचं इंजेक्शन, लठ्ठ आणि गुडघेदुखीने बेजार असलेल्या ४०७ जणांच्या चाचणीत ६८ आठवडे दिलं. वजन उतरलं, दुखणं स्पष्टपणे उतरलं. शंभराच्या मापावर वेदना सरासरी ४१.७ अंकांनी कमी झाली. खोट्या इंजेक्शनवाल्यांची मात्र २७.५ ने. (या दुसऱ्या आकड्याकडे पाहून कूर्चावाल्यांनी एक आवंढा गिळला असेल.) कूर्चेची जनुकं कातरण्यात जवानी घालवलेल्या लोकांना कळलं की ‘वजन कमी करा’ हे डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं. आता नव्या निधी-अर्जांत चयापचय हा शब्द पहिल्या ओळीत असतो, आणि पोस्टडॉकच्या जाहिरातीत चरबीची कामं येत असल्यास प्राधान्य.

सांध्यांच्या आजारात काहीच जमलं नाही असं नाही. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा वेगळा आजार. यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर चाल करून जाते. इथे लंडनमध्ये बाजी मारली गेली. शस्त्रक्रियेत निघालेल्या रुग्णांच्या सांध्याच्या अस्तरातल्या पेशी बशीत ठेवल्या, टीएनएफ हा एकच निरोप्या अडवला, आणि मागोमाग आयएल-१ हा दुसरा दाहक निरोप्याही गप्प झाला. एक दाबला की साखळीच ढिली पडते. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात वीस रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड टोचलं गेलं. पुढे त्या कुळातल्या अडॅलिमुमॅबची २०२२ या एका वर्षाची विक्री २० अब्ज डॉलरच्या वर गेली. २००३ चा लास्कर पुरस्कार मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांना मिळाला. मैनी जन्माने लुधियानाचे. १९८९ च्या त्या निबंधावर पहिलं नाव फियोन्युला ब्रेनन यांचं आहे. विज्ञानात पहिलं नाव छापतात, लक्षात शेवटचं ठेवतात.

यातली एक बाब जाहिरातवाल्यांच्या सोयीची नाही. तो प्रयोग उंदरापासून सुरू झाला नव्हता. रुग्णाच्या सांध्यातून निघालेल्या ऊतीपासून झाला, म्हणजे प्रयोगशाळा रुग्णालयाला चिकटून असायला हवी. आणि ज्या केनेडी इन्स्टिट्यूटचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं, ती १९६५ पासून फक्त सांध्यांच्या आजारांसाठी पाय रोवून उभी आहे. आधी लंडनमध्ये होती, आता ऑक्सफर्डला. औषधाच्या रॉयल्टीतून तिच्या ट्रस्टकडे पैसा आला आणि तो पुन्हा याच कामाला लागला. चिकाटी संस्थेच्या नावावर जमा होती, माणसांच्या करारावर तिचा भार नव्हता. अमेरिकेनेही एकदा असा धीर दाखवला. २००४ मध्ये गुडघ्याचा आजार असलेल्या किंवा होण्याचा संभव असलेल्या ४,७९६ माणसांची नोंद सुरू करून वर्षानुवर्षं त्यांचे एमआरआय काढले. तो सगळा साठा संशोधकांना खुला आहे. उंदीर न मारताही यातून पुष्कळ निघालं. पण आकड्यांवर काम करणाऱ्याला प्रयोगशाळेत ‘खुर्चीवाला’ म्हणतात, त्यामुळे तरुण रक्त अजून सुरीकडेच धावतं.

सुरीवाल्यांना मिळतं काय, तेही बघू. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये नव्या पोस्टडॉकचं विद्यावेतन वर्षाला ६१,००८ डॉलर केलं. तिच्याच सल्लागार समितीने काही महिने आधी किमान ७०,००० सुचवले होते. समितीचे आभार मानण्यात आले. २०२५ च्या सप्टेंबरात परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झालं. म्हणजे गुडघ्याचा अभ्यासक आत आणायचा खर्च त्याच्या वर्षाच्या पगाराच्या दीडपटीहून जास्त. जे-१ व्हिसावर या म्हणतात, पण तिथे घड्याळ पाच वर्षांचं. त्याच २०२५ मध्ये चालू अनुदानं अध्येमध्ये रद्द करण्याचा सपाटा चालला होता, तेव्हा पाच वर्षांची चैन करायची तरी कशाच्या जोरावर?

युरोपचं वेगळं. मेरी क्युरींच्या नावाची पोस्टडॉक शिष्यवृत्ती हवी असेल तर मागच्या ३६ महिन्यांत त्या यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. मुक्काम करणारा माणूस संशयास्पद. आणि जर्मनी? तिथे कायद्याने पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं हंगामी राहता येतं, मग दार बंद. हे कसं छान आहे हे समजावायला तिथल्या शिक्षण-संशोधन मंत्रालयाने एक कार्टून फिल्म काढली होती. तीत हाना नावाची जीवशास्त्रज्ञ आनंदाने करारामागून करार करते, कारण सगळेच कायम झाले तर व्यवस्था तुंबेल. २०२१ मध्ये खऱ्याखुऱ्या हानांनी ती पाहिली, आणि ‘मीच ती हाना’ म्हणत हजारोंनी आपापल्या करारांची यादी जाहीर केली. मंत्रालयाने फिल्म काढून टाकली. करार चालू आहेत.

घरची परिस्थिती तपासून घेतलेली बरी. आपल्या राष्ट्रीय पोस्टडॉक शिष्यवृत्तीला सर्वसाधारण गटासाठी वयाची अट ३५ ठेवली गेली. गुडघा कुरकुरायला लागायच्या आत गुडघ्याचा अभ्यासक बाद. रिसर्च असोसिएटचं मासिक वेतन २०२३ च्या जूनमध्ये सुरुवातीच्या टप्प्यावर ५८,००० झालं, तेही देशभर पोरांनी निदर्शनं केल्यावर. रक्कम वाईट नाही. ती कोणत्या महिन्यात हातात पडते, यावर मात्र संशोधन होऊ शकेल. आणि याच २०२३ च्या डिसेंबरात, नागपूरच्या थंडीत, पीएचडी करून पोरं काय दिवे लावणार, असा सवाल विधिमंडळाच्या सभागृहात ऐकू आला. पुढे त्यावर सारवासारवही झाली. कशाला करायची? पोरं दिवाच लावतात, फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाचा, आणि त्याच्यासमोर अंधारात तासन्‌तास बसतात.

खरं तर सांध्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने जगाला दाखवायचं ते आधीच दाखवलंय. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या लोकांनी भिगवण गावात घरोघरी फिरून चार हजारांवर प्रौढांना विचारलं, काय दुखतंय, किती दिवस, कशाने वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने चालणाऱ्या सांधेविकार सर्वेक्षणाचा हा भाग. शंभरात अठरा जणांना हाडा-सांध्या-स्नायूंचं दुखणं निघालं. त्यात प्रयोगशाळेचा झगमगाट नव्हता. वही, कार्यकर्ते आणि गावाशी टिकवलेला संबंध होता. भिगवणला आता लोक उजनीच्या पाणवठ्यावरचे रोहित बघायला जातात. रोहितांचे गुडघे उलटे दुमडतात, असं सहलीत सांगितलं जातं. तो खरं तर घोटा असतो. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून २००३ पासून आयएल-३ हा निरोप्या हाडं खाणाऱ्या पेशींना कसा आवर घालतो, यावर निबंध निघत आले. म्हणजे डोकं आहे, गाव आहे, दुखणारे गुडघे तर मुबलक आहेत. या तिघांना दहा वर्षं एका जागी बसवणारं पद तेवढं नाही.

आमच्या ओळखीची एक मुलगी परदेशात दुसऱ्या करारावर आहे. सुट्टीत घरी आली तर मावशीने खुर्चीवरूनच पाय पुढे केला.

“अगं, तू गुडघ्याचीच डॉक्टर ना? बघ की जरा माझा.”

“मावशी, मी उंदरांच्या गुडघ्यांवर काम करते.”

“बाई! उंदरांचेपण दुखतात?”

“आपण होऊन नाही. आम्ही दुखवतो.”

“आणि मग बरे करता?”

“कधी कधी.”

“मग माझा कर की.”

“तू रोज चाल, मांडीचे व्यायाम कर, पाच-सहा किलो कमी कर.”

“हे तर कोपऱ्यावरचा फिजिओथेरपीवालापण सांगतो. त्यासाठी तिकडे कशाला जायचं? बरं, ते राहू दे. कायम झालीस का?”

मुलीने चहा उचलला आणि स्वयंपाकघरात गेली.

ती परत आली तर काय करेल, याची चौकशी आम्ही केली. कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, पण त्या तासिका तत्त्वावर भरल्या जातात. तासाला पैसे, सुट्टीला नाही. कंपनीत गेली तर दुसऱ्यांच्या औषध-चाचण्यांचे अहवाल लिहील, वातानुकूलित खोलीत, भविष्य निर्वाह निधीसह. राहता राहिलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. पाच वर्षांत ५०,००० कोटींचं स्वप्न, त्यातले ३६,००० कोटी बिगरसरकारी खिशांतून येणार असं ठरलेलं. जे उद्योगपती दर तिमाहीला नफा मोजतात, ते ११७ वर्षांच्या कोलॅजनमध्ये पैसे गुंतवतील, यावर विश्वास ठेवायला आमची हरकत नाही. तिमाही कोणती, एवढं कळवावं.

सांध्याच्या झिजेचा वेग नीट ओळखलेला एकच व्यवसाय आमच्या पाहण्यात आहे, आणि तो प्रयोगशाळेतला नाही. मावशीने नवी आरोग्य विम्याची पॉलिसी घेतली, तेव्हा एजंटाने बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: गुडघा बदलायचा असेल तर आधी थांबावं लागेल. अशा ठरावीक आजारांसाठी किती थांबवायचं, याची कमाल मर्यादा नियामकाने २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीनवर आणली. पोस्टडॉकच्या करारापेक्षा ती तरीही एक वर्षाने जास्त आहे.